चौथी, दुसरी, तिसरी: एका गाठीच्या तीन स्टेज

गाठ एकच होती. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात, साधारण चार सेंटिमीटरची. पण सहा आठवड्यांत तिच्या तीन वेगवेगळ्या स्टेज कागदावर आल्या: आधी चौथी, मग दुसरी आणि शेवटी तिसरी. प्रत्येक आकड्याबरोबर उपचार बदलले, घरातली झोप बदलली, पुढच्या वर्षांचं चित्र बदललं. मी त्या कुटुंबाचा फॅमिली डॉक्टर. कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण या सहा आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून गेला. कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. नावं, गाव, हॉस्पिटल काही देत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून इथेही बाबाच.

पार्श्वभूमी

बाबांचं वय तेव्हा ५८. शिलाईचं काम, दिवसातले आठ-नऊ तास मशीनवर. माझ्याकडे आले ते थकव्यासाठी. जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळे मिटतात, एवढंच. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, फेरिटिन तळाला. शरीरातलं लोह संपलं होतं. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांनी बोलावलं. हिमोग्लोबिन १०.२ झालं होतं. मला बरं वाटलं, त्यांनाही. गोळ्या चालू ठेवल्या.

इथे मी चुकलो, आणि हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषात लोहाची कमतरता दिसली की पहिला प्रश्न हवा: रक्त जातंय कुठे? मासिक पाळी थांबलेल्या बाईच्या बाबतीतही हाच प्रश्न. उत्तर सापडेपर्यंत पोट आणि आतडं तपासायचं असतं. मी फक्त भर घालत राहिलो, गळती शोधली नाही. गोळ्यांनी आकडा वर गेला म्हणून कारण सापडलं असं होत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी चार महिने गेले.

मुलीच्या लक्षात आलं ते कपड्यांवरून. बाबांनी स्वतःच्या पँटी कंबरेत आत घेतल्या होत्या, त्याही दोनदा. कुणाला काही न बोलता, रात्री बसून. जुनी शिवण उसवल्याच्या खुणा कमरपट्टीच्या आतल्या बाजूला दिसत होत्या. वजन सहा किलो उतरलं होतं. मग शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. कोलोनोस्कोपीत गाठ दिसली.

उजव्या बाजूची गाठ अशीच गुपचूप वाढते. तिथे आतडं रुंद असतं, मळ पातळ असतो, त्यामुळे अडथळा लवकर होत नाही. रक्त थेंबाथेंबाने जातं आणि मळात असं मिसळतं की डोळ्यांना दिसतच नाही. डाव्या बाजूच्या किंवा गुदाशयाच्या गाठीत रक्त दिसतं, शौचाची सवय बदलते, माणूस घाबरून येतो. उजवीकडच्या गाठीचा माणूस बहुतेक वेळा फक्त दमलेला असतो.

बायोप्सीचा रिपोर्ट आला: अडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून होणारा कॅन्सर, ग्रेड २. मुलीने तो वाचून आईला सांगितलं, 'सेकंड स्टेज आहे, घाबरू नकोस.' हा गोंधळ मी कितीतरी घरांत पाहिलाय. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी मूळ पेशींपासून किती बिघडलेल्या दिसतात. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचलाय. बायोप्सीच्या चिमूटभर तुकड्यावरून ग्रेड सांगता येतो, स्टेज नाही. त्यामुळे तेव्हा बाबांची स्टेज कुणालाच माहीत नव्हती. घराने मात्र 'दुसरी' धरून चार दिवस काढले.

अडचण

सीटी स्कॅनमध्ये छाती स्वच्छ होती. आतड्यातली गाठ भिंत ओलांडून बाहेरच्या चरबीत गेल्यासारखी दिसत होती. आणि लिव्हरच्या उजव्या भागात एक ठिपका होता, १.८ सेंटिमीटरचा.

रेडिऑलॉजिस्टने लिहिलं होतं: 'मेटास्टॅसिसची (कॅन्सर तिथे पसरल्याची) शक्यता, स्वरूप निश्चित सांगता येत नाही, एमआरआयने पडताळणी करता येईल.' हा रिपोर्ट घेऊन कुटुंब ज्या तज्ज्ञांकडे गेलं, तिथल्या कागदावर लिहून आलं: 'कोलन कॅन्सर, स्टेज ४. केमोथेरपी सुरू करणे. ऑपरेशन सध्या नाही.' पुढच्या सोमवारची तारीखही दिली होती.

दोन्ही कागद मी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या कागदावरची 'शक्यता' दुसऱ्या कागदावर येईपर्यंत गळून गेली होती. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. गर्दीच्या ओपीडीत लांब वाक्याचं छोटं वाक्य होतं, आणि छोटं होताना नेमका तोच शब्द जातो.

तो शब्द एवढा महत्त्वाचा का, हे कळायला स्टेज कशी ठरते ते पाहावं लागेल. बहुतेक गाठींसाठी टीएनएम पद्धत वापरतात. तिचा पाया फ्रान्समधले सर्जन पिअर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात घातला. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लिम्फ नोड (लसिका गाळणाऱ्या लहान ग्रंथी), एम म्हणजे दूरच्या अवयवात पसरणं. आतड्याच्या बाबतीत टी गाठीच्या आकारावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. अस्तराखालच्या थरापर्यंत गेली तर टी१, स्नायूत शिरली तर टी२, स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली तर टी३, आतड्याच्या बाहेरच्या आवरणाला किंवा शेजारच्या अवयवाला भिडली तर टी४. त्यामुळे चार सेंटिमीटरची टी२ असू शकते आणि दोन सेंटिमीटरची टी४. नोडमध्ये आजार नसेल तर पहिली किंवा दुसरी स्टेज, नोडमध्ये असेल तर तिसरी. आणि एम हो असेल, तर टी काहीही असो, एन काहीही असो, स्टेज चौथी.

म्हणजे बाबांचं सगळं त्या १.८ सेंटिमीटरवर अडलं होतं. तो ठिपका कॅन्सरचा असेल तर चौथी स्टेज: बहुतेकदा मुख्य भर औषधांवर, आतड्यातली गाठ रक्तस्राव किंवा अडथळा करत नसेल तर ती काढायची घाई नाही. तो कॅन्सरचा नसेल तर आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशाने आधी ऑपरेशन. दोन अगदी वेगळे रस्ते.

ठिपक्याबद्दलची शंका रास्तच होती. आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये जातं. गाठीतून सुटलेल्या पेशींना लागणारी पहिली गाळणी लिव्हर, म्हणून कोलन कॅन्सर पसरला की बहुतेक वेळा आधी तिथेच दिसतो. पण लिव्हरमध्ये निरुपद्रवी ठिपकेही पुष्कळ लोकांना असतात. पाण्याच्या पिशव्या असतात, हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा जन्मापासूनचा साधा गुंता असतो. आयुष्यभर त्यांचा पत्ता लागत नाही. कॅन्सरसाठी स्कॅन केला की ते सापडतात, आणि नेमके नको त्या वेळी.

त्या रात्री दोन वाजता मुलीचा मेसेज आला: 'डॉक्टरकाका, तेरा टक्के म्हणजे काय?' तिने नेटवर अमेरिकेतल्या नोंदणीचे आकडे वाचले होते. कोलन कॅन्सर आतड्यापुरता मर्यादित असेल तर पाच वर्षांचं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास, आजूबाजूला किंवा नोडमध्ये गेला असेल तर ७० ते ७५, दूर पसरला असेल तर १३ ते १५. मी उत्तर दिलं, 'आकड्यांकडे लक्ष देऊ नकोस, झोप.' ते चांगलं उत्तर नव्हतं. त्याबद्दल पुढे बोलतो.

पर्याय

दुसऱ्या दिवशी आई, मुलगी आणि मी बसलो. बाबा नव्हते. 'त्यांना काही सांगू नका,' असं आईने आधीच बजावलं होतं.

पहिला पर्याय, सोमवारी केमो सुरू करणं. मुलीचा ओढा तिकडेच होता, कारण काहीतरी सुरू होतंय याचा धीर असतो. पण ठिपका साधा निघाला तर बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाचं ऑपरेशन काही महिने लांबणार होतं. त्यातही एक अवघड गंमत आहे: केमोनंतर स्कॅनमध्ये तो ठिपका आहे तसाच दिसला असता, तर 'औषधाला दाद देत नाही' असा अर्थ निघाला असता. पुढचे सगळे निर्णय त्या चुकीवर उभे राहिले असते.

दुसरा, ठिपक्यातून सुईने तुकडा काढणं. 'कशाला अंदाज, सरळ बायोप्सी करा,' हे ऐकायला बरोबर वाटतं. पण हिमॅन्जिओमा असेल तर तो रक्ताने भरलेला असतो, सुईने रक्तस्राव होऊ शकतो. आणि कॅन्सर असेल, तोही पुढे कापून काढण्याजोगा, तर सुईच्या मार्गात पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो. म्हणून लिव्हरमधल्या अशा ठिपक्यावर सुई हा पहिला उपाय नसतो. इथे एक स्पष्ट करतो. 'बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो' ही सरसकट भीती खरी नाही. आतड्यातल्या गाठीची बायोप्सी केल्याशिवाय निदानच झालं नसतं. प्रश्न जागेचा आणि गरजेचा असतो.

तिसरा, पेट स्कॅन. सगळ्या शरीराचं चित्र एकदम मिळतं म्हणून लोकांना तो सर्वांत मोठी तपासणी वाटतो. लिव्हरमधल्या लहान ठिपक्याचं स्वरूप ओळखायला मात्र कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय अधिक कामाचा. शिवाय काही कोलन कॅन्सर, विशेषतः चिकट श्लेष्मा तयार करणारे, पेटमध्ये नीट उजळत नाहीत.

चौथा म्हणजे तोच एमआरआय, जो रेडिऑलॉजिस्टने पहिल्याच रिपोर्टमध्ये सुचवला होता. अडचण एकच, तारीख सहा दिवसांनंतरची होती. 'सहा दिवसांत पसरला तर?' आईने विचारलं. हा प्रश्न मी हलक्यात घेतला नाही. आतड्यातल्या साध्या पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबाचा, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. गाठ दिसेपर्यंत तिचं वय काही वर्षांचं असतं. तिच्यासाठी सहा दिवस काहीच नाहीत. पण चुकीच्या रस्त्यावर टाकलेलं पहिलं पाऊल मागे घ्यायला महिने लागतात. मी त्यांना हे शब्दशः असंच सांगितलं, आणि तज्ज्ञांना फोन करून सोमवारची तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली. ते लगेच तयार झाले. म्हणाले, 'आधीच करायला हवा होता.'

काय केलं: ठिपका

एमआरआय झाल्यावर मी स्वतः रेडिऑलॉजिस्टसमोर जाऊन बसलो. पडद्यावर लिव्हर काळपट राखाडी आणि त्यात तो ठिपका, अंधाऱ्या खोलीत दिवा लागावा तसा पांढरा. त्यांनी कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरची चित्रं एकामागोमाग एक सरकवली. आधी ठिपक्याच्या कडेला तुटक तुटक डबकी उजळली. मग मिनिटामिनिटाने ती आत सरकत गेली आणि शेवटी पूर्ण ठिपका भरून निघाला. कोलनमधून आलेली गाठ अशी भरत नाही, तिच्याभोवती बहुतेक कडं दिसतं आणि मधला भाग रिकामा राहतो. 'हिमॅन्जिओमा,' ते म्हणाले, 'शंका नाही.'

म्हणजे दूर पसरलेलं काही नव्हतं. चौथी स्टेज गेली, आणि ती मुळात कधी नव्हतीच.

त्याच संध्याकाळी बाबा एकटेच दवाखान्यात आले. खुर्चीवर बसून म्हणाले, 'कितवी स्टेज ते मला सांगा. घरात कुणी सांगत नाही, पण पोरीचा चेहरा मी रोज बघतोय.' मी सगळं सांगितलं, आधी चौथी म्हटलं होतं तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'हे कशावरून ठरवलं होतं?' आठवडाभर आम्हा कुणाच्याही तोंडून जो प्रश्न नीट निघाला नाही, तो त्यांनी अर्ध्या मिनिटात विचारला.

काय केलं: ऑपरेशन आणि नऊ नोड

ट्यूमर बोर्डच्या बैठकीत सर्जन, मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट (औषधांनी कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टर), रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले. ऑपरेशन आधी, यावर एकमत झालं. दुर्बिणीतून उजवं आतडं काढलं, सोबत त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आणि त्यांच्या भोवतीची चरबी. लिम्फ नोड त्या चरबीत, वाहिन्यांच्या कडेने असतात. पाचव्या दिवशी बाबा घरी आले.

दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट: पीटी३, कडा मोकळ्या (कापलेल्या कडांवर कॅन्सर नाही), तपासलेले नोड ९, आजार असलेले ०. स्टेज २ए.

टी३ च्या आधीचं ते 'पी' महत्त्वाचं आहे. स्कॅनवरून ठरवलेल्या स्टेजला 'सी' लावतात, म्हणजे क्लिनिकल. काढलेला भाग प्रत्यक्ष कापून तपासल्यावर ठरते ती 'पी', म्हणजे पॅथॉलॉजिकल. पहिली अंदाजाच्या जवळची, दुसरी पुराव्याची. स्कॅनमध्ये नोड मोठा दिसला म्हणजे त्यात कॅन्सर असतोच असं नाही, आणि लहान दिसला म्हणजे नसतो असंही नाही.

घरात आनंद झाला. मलाही झाला. पण मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट त्या ९ वर थांबल्या. कोलन कॅन्सरमध्ये किमान १२ नोड तपासले पाहिजेत असा नियम आहे. कमी तपासले तर 'नोडमध्ये आजार नाही' आणि 'आजार असलेला नोड हाताला लागला नाही' यांत फरक करता येत नाही. आणि उपचार नेमके इथेच फुटतात. टी३ आणि नोड स्वच्छ असतील, बाकी धोक्याची खूण नसेल, तर ऑपरेशनवर थांबता येतं, त्यापुढे केमोचा फायदा फार थोडा. नोडमध्ये आजार असेल तर केमो द्यायलाच हवा, कारण नुसत्या ऑपरेशननंतर अशा जवळपास निम्म्या लोकांत आजार परतायचा.

तीन रस्ते होते. रिपोर्ट मान्य करून थांबायचं. किंवा १२ पेक्षा कमी नोड हीच धोक्याची खूण धरून केमो द्यायचा. किंवा पॅथॉलॉजिस्टला परत शोधायला सांगायचं. दुसरा रस्ताही चुकीचा ठरला नसता, पुष्कळ ठिकाणी तोच घेतात. पण ऑन्कॉलॉजिस्टचं म्हणणं पडलं की काढलेला भाग अजून फॉर्मॅलिनमध्ये जपलेला आहे, उत्तर बरणीत असताना अंदाजाने औषध का द्यायचं? असे नमुने काही आठवडेच ठेवतात. एका फोनचं काम होतं.

पॅथॉलॉजिस्टने ती चरबी पुन्हा घेतली, पातळ काप केले, एकेक काप बोटांच्या टोकांत चुरडून पाहिला. नोड हाताला लागतो तो असाच, मऊ चरबीत मोहरीएवढा टणक कण म्हणून. दोन दिवस लागले. आणखी आठ नोड मिळाले, बहुतेक पाच मिलिमीटरहून लहान. त्यातल्या दोनांत कॅन्सर होता.

एकूण १७, त्यांत २. स्टेज ३बी.

'म्हणजे वाढला?'

मुलीचा पहिला शब्द हाच होता. आठवड्यापूर्वी दुसरी, आता तिसरी, म्हणजे आजार पुढे सरकला असंच कुणालाही वाटेल. तिला मी सांगितलं की ज्या बरणीतून 'दुसरी' आली, त्याच बरणीतून 'तिसरी' आली. बाबांच्या शरीरात या आठवड्यात काही घडलं नाही. ते दोन नोड ऑपरेशनच्या दिवशीच बाहेर निघाले होते.

त्यापुढची गोष्ट समजायला मला स्वतःला वेळ लागला होता. नोड नीट शोधले की काही माणसं दुसऱ्या गटातून तिसऱ्यात जातात. ती दुसऱ्या गटातली सर्वांत कच्ची असतात, म्हणून ती गेल्यावर दुसऱ्या गटाची सरासरी सुधारते. तिसऱ्या गटात मात्र ती बऱ्यापैकी चांगल्यांत मोडतात, म्हणून त्या गटाचीही सरासरी सुधारते. कुणाचंही आयुष्य एक दिवसानेही न वाढता दोन्ही आकडे वर जातात. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हे दाखवलं होतं. म्हणून स्टेजचा टक्का वाचताना ती स्टेज किती बारकाईने ठरवली हे माहीत नसेल, तर तो टक्का अर्धाच असतो.

स्टेज ही सरळ चढत जाणारी शिडीही नाही. कोलन कॅन्सरमध्ये ३ए चे रुग्ण, म्हणजे उथळ गाठ आणि एखाद-दुसरा नोड असलेले, २सी च्या रुग्णांपेक्षा जास्त जगतात. २सी मध्ये नोड स्वच्छ असतात, पण गाठ शेजारच्या अवयवात शिरलेली असते. थायरॉइडच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये वय ५५ च्या आत असेल तर दूर पसरलेला आजारही दुसऱ्या स्टेजमध्येच धरतात, कारण ती माणसं बहुतेक पुढे अनेक वर्षं जगतात. वृषणाच्या कॅन्सरला चौथी स्टेजच नाही. 'लास्ट स्टेज' हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्यामागे इतका गुंता आहे. आणि कोलनच्या चौथ्या स्टेजमध्येही, आजार फक्त लिव्हरमध्ये असेल आणि पूर्ण कापून काढता आला, तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जातं. तेरा टक्क्यांच्या त्या एका आकड्यात ही माणसंही होती आणि ज्यांना औषध सोसलंच नाही तीही.

काय केलं: तीन महिने की सहा

आता प्रश्न केमोचा. ऑपरेशननंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा, उशीर झाला तर फायदा घटत जातो. बाबांची जखम भरली होती, वेळ हातात होता.

ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि दोन आठवडे कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर विश्रांती, असं एक चक्र. पूर्वी सरसकट सहा महिने द्यायचे. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. गाठ टी३ पर्यंत आणि आजार असलेले नोड एक ते तीन, अशा कमी धोक्याच्या तिसऱ्या स्टेजमध्ये ही जोडी तीन महिने दिली काय आणि सहा महिने दिली काय, तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं: ८५ आणि ८३ टक्के. नसांच्या त्रासात मात्र मोठा फरक. हातापायांच्या बऱ्यापैकी मुंग्या किंवा बधिरपणा तीन महिन्यांत सुमारे १४ टक्क्यांना, सहा महिन्यांत सुमारे ४५ टक्क्यांना.

इथे बाबांनी निर्णय घेतला, आणि तो त्यांचाच होता. आईला सहा महिने हवे होते, 'जास्त दिलं तर जास्त चांगलं.' बाबांनी विचारलं, 'बोटं बधिर झाली तर परत येतात का?' काहींची येतात, काहींची पूर्ण येत नाहीत. 'मग तीन.' ऑन्कॉलॉजिस्टनेही तेच सुचवलं होतं. गोळ्यांआधी त्या औषधाचा निचरा करणारं एन्झाइम कमी नाही ना, याची रक्ततपासणी केली. ते कमी असेल तर नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेतू शकतो.

त्या तीन महिन्यांत बाबांनी स्वतःची एक तपासणी सुरू केली. रोज सकाळी ९ नंबरच्या सुईत दोरा ओवायचा आणि कितव्या प्रयत्नाला गेला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. पहिल्या चक्रात १, १, २. दुसऱ्यात २, ३, २. चौथ्या चक्राच्या आठवड्यात एके ठिकाणी ६ लिहिलंय. गार वस्तूला हात लागला की बोटांतून झिणझिण्या जायच्या, म्हणून कात्रीच्या मुठीला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळली होती. ऑन्कॉलॉजिस्ट प्रत्येक भेटीत आधी ते कॅलेंडरचं पान मागायच्या. चौथ्या चक्रात डोस थोडा कमी केला, त्यात या पानाचा वाटा होता.

परिणाम

आता साडेतीन वर्षं झाली. सीईए (आजार परतल्याचा इशारा देऊ शकणारी रक्तातली खूण) ठरल्या वेळी तपासतो, सीटी वर्षातून एकदा. पहिल्या वर्षाच्या कोलोनोस्कोपीत एक लहान पॉलिप मिळाला, तो तिथेच काढला. आजार परतलेला नाही. परत यायचाच असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत येतो. तो काळ गेला, पण पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत तपासण्या चालू राहतील. हिमॅन्जिओमा प्रत्येक स्कॅनमध्ये जागच्या जागी, १.८ सेंटिमीटर. पायाच्या बोटांत थोडा बधिरपणा उरलाय. हातांची बोटं सुधारली. काम चालू आहे, दिवसाला पाच-सहा तास.

त्यांच्या फाइलवर आजही ३बी लिहिलेलं आहे आणि तेच राहील. उद्या आजार परतला तरी स्टेज बदलून चौथी होत नाही, 'तिसरी, आता परतलेला' असंच लिहितात.

काय वेगळं करता आलं असतं

लोहाच्या गोळ्या देतानाच मी कोलोनोस्कोपीला पाठवायला हवं होतं. त्या चार महिन्यांत ते दोन नोड बाधित झाले की आधीच होते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि मला त्या न सांगता येण्याची सवय होऊ द्यायची नाही. आता माझ्याकडे फेरिटिन कमी असलेला प्रत्येक पन्नाशीपुढचा माणूस वेगळ्या वहीत लिहिला जातो. कारण सापडल्याशिवाय नाव खोडत नाही.

'चौथी' सांगण्याआधी एमआरआय व्हायला हवा होता. एखादा अवयव पहिल्यांदाच संशयित दिसतोय आणि त्या एका संशयावर उपचाराचा उद्देशच बदलतोय, अशा वेळी 'स्टेज ठरायची आहे' असं लिहिणं पूर्ण बरोबर आहे. कुटुंबाला अनिश्चितता सोसत नाही असं आपण समजतो. या घराला ती सोसली असती. चुकीची खात्री त्यांना जास्त महाग पडली.

ट्यूमर बोर्ड ऑपरेशनच्या आधी बसला, तसा रिपोर्टनंतरही लगेच बसायला हवा होता. नऊ नोडांचा प्रश्न एका डॉक्टरच्या दक्षतेमुळे उठला, व्यवस्थेमुळे नाही.

बाबांना पहिल्या दिवसापासून खोलीत बसवायला हवं होतं. आईची विनंती मी मानली, ती मायेपोटी होती. पण तीन महिने की सहा हा प्रश्न त्यांच्या बोटांचा होता. ते आधीपासून सामील असते तर 'कशावरून?' हा प्रश्न आठवडाभर आधी आला असता.

आणि रात्री दोनचा तो मेसेज. 'आकड्यांकडे लक्ष देऊ नकोस' म्हणजे मुलीला त्या तेरा टक्क्यांसोबत एकटं सोडणं होतं. मी लिहायला हवं होतं: हा आकडा ज्यांची चौथी स्टेज पक्की आहे अशा, काही वर्षांपूर्वी निदान झालेल्या सगळ्या वयांच्या लोकांचा मिळून आहे. बाबांची स्टेज अजून पक्की नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ये, दोन्ही रिपोर्ट घेऊन ये. एवढं लिहायला दोन मिनिटं लागली असती.

तिचं वय आता ३४. गाठीच्या तपासणीत आनुवंशिक दोषाची शंका येण्यासारखं काही निघालं नव्हतं. तरी वडिलांना ५८ व्या वर्षी कोलन कॅन्सर झालेला असल्यामुळे तिची पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीत, इतरांपेक्षा आधी. ती तारीख मी माझ्याच वहीत लिहून ठेवली आहे, कारण सहा वर्षांनी ती विसरली तरी चालेल, मी विसरून चालणार नाही.